मदत हवी आहे : थायलंडची शिक्षिकेची ऑफर, स्वीकारू का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते. एम.ए. इंग्रजी, बी.एड., सहा वर्षं खासगी शाळेत शिकवतेय. बँकॉकजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची ऑफर आलीय, महिना ३५,००० बाट.

करार तीन वेळा वाचला. पगाराचा आकडा ठळक आहे, पण आठवड्याला तास किती, सुट्टीतला पगार मिळणार का, मधेच सोडलं तर काय, यावर एक ओळ नाही. शाळेचा शिक्काही धूसर, कुठून तरी कापून चिकटवल्यासारखा. एजंट म्हणतो, "मॅडम, आधी टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट नंतर करू." इथेच माझं मन खातंय. तिथे शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (नोकरीसाठीचा व्हिसा) आणि वर्क परमिट लागतो एवढं मला माहीत आहे. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली नेऊन म्यानमारच्या सीमेपलीकडे सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या आपल्या मुलांच्या बातम्याही वाचल्यात.

वर ८०,००० रुपये आगाऊ मागतोय. परदेशी नोकरीच्या नोंदणीकृत एजंटांची यादी असलेल्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव सापडलं नाही. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते ना?

वडिलांनी यंत्रमागावर उभं राहून मला शिकवलंय. ते म्हणतात, "पैशाचं बघू, तू जा." म्हणूनच जास्त भीती वाटते.

तिकडे शिकवणारं कुणी आहे का? शाळेशी थेट बोलून खात्री कशी करायची? पदवीचं साक्षांकन (अटेस्टेशन) आधी करून ठेवू का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.