सर्व्हिस इंजिनियर ते टेक्निकल रायटर: तयारी कुठून सुरू करू?

गिअरबॉक्स
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. सध्या चाकण पट्ट्यात एअर कॉम्प्रेसर आणि पॅकिंग मशीनची सर्व्हिसिंग बघतो. मॅन्युअल, सर्व्हिस बुलेटिन, इन्स्टॉलेशन गाइड लिहिण्याच्या कामात शिरायचं आहे. शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी बरोबर लिहितो, पण फर्डं नाही.

प्रश्न असे:
१. एक क्लास तीन महिन्यांत फ्रेममेकर, रोबोहेल्प आणि मॅडकॅप फ्लेअर ही मॅन्युअल बनवण्याची तीन टूल्स शिकवून सर्टिफिकेट देतो म्हणतोय. लावावा का?
२. पोर्टफोलिओत काय ठेवू? कंपनीसाठी केलेल्या सर्व्हिस शीट चालतील का?
३. एसटीसी या टेक्निकल रायटरांच्या संस्थेची सर्टिफिकेशन परीक्षा द्यावी असं एका यादीत वाचलं. उपयोग होईल?

मुळामुठा
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एसटीसी ही अमेरिकेतली संस्था जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. जुन्या याद्यांमध्ये तिचं नाव अजून फिरतंय. तिच्या नावावर कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. युरोपात टेकॉम ही तशीच संस्था आहे, पण पुण्यातल्या पहिल्या नोकरीसाठी सर्टिफिकेटपेक्षा नमुने बघतात.

कंपनीच्या शीट अजिबात नकोत, लोगो झाकून किंवा नावं खोडूनही नकोत. गोपनीयतेचा भंग तर होतोच, शिवाय मुलाखत घेणाऱ्याला लगेच वाटतं की उद्या हा आमचेही कागद असेच बाहेर दाखवेल.

त्याऐवजी तुमच्या हातचं एक काम घ्या. उदाहरणार्थ, छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरचं तेल बदलणं. अशा कामाच्या सूचना बऱ्याचदा या धर्तीवर लिहिलेल्या दिसतात: 'मशीन बंद करून प्रेशर सोडल्यावर ड्रेन प्लग काढून तेल निथळू द्यावे व योग्य प्रमाणात नवीन तेल भरावे, मात्र तेल गरम असल्यास काळजी घ्यावी.'

यात काय काय चुकलंय ते बघा. भाजण्याची सूचना शेवटी आली आहे, म्हणजे माणूस तिथवर वाचेपर्यंत प्लग उघडून बसलेला असेल. 'योग्य प्रमाणात' म्हणजे किती ते कळत नाही. प्रेशर कुठून सोडायचं आणि ते पूर्ण सुटलं हे कशावरून ओळखायचं, याचा पत्ता नाही. 'काळजी घ्यावी' म्हणजे नेमकं काय करायचं, तेही नाही. आणि चार-पाच कृती एकाच वाक्यात कोंबल्या आहेत.

आता तेच काम असं मांडा:

इशारा: गरम तेलाने भाजू शकते. हातमोजे घाला.
१. कॉम्प्रेसर ५ मिनिटे चालवा. तेल कोमट झाले की गाळासह लवकर वाहते.
२. कॉम्प्रेसर बंद करा. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा.
३. टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.
४. क्रँककेसच्या ड्रेन प्लगखाली भांडे ठेवा.
५. प्लग काढा. तेल पूर्ण निथळू द्या.
६. प्लगचा वॉशर तपासा. चेपला असेल तर नवा घाला. प्लग घट्ट करा.
७. साइट ग्लासवरच्या लाल वर्तुळाच्या मध्यापर्यंत नवे तेल भरा. जास्त भरल्यास तेल हवेबरोबर लाइनमध्ये जाते.

एका पायरीत एक कृती किंवा लागून येणाऱ्या छोट्या कृतीच ठेवा. जिथे वाचणारा हमखास घाई करतो तिथेच कारण द्या. वरती पहिल्या आणि सातव्या पायरीत कारण आहे, चौथ्यात नाही, कारण भांडं का ठेवायचं हे कुणालाही कळतं. मिनिटं, तेलाची ग्रेड, टॉर्क (प्लग किती जोराने आवळायचा) हे आकडे मात्र त्या मॉडेलच्या डेटाशीटमधूनच घ्यायचे, अंदाजाने नाही.

मग हे पान असं काम कधीच न केलेल्या माणसाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. फक्त धोका दिसला तरच बोला. तो जिथे थांबेल, मागचं पुन्हा वाचेल किंवा तुमच्याकडे बघेल, ती पायरी लिहून घ्या आणि सुधारा. पहिला मसुदा, ही टिपणं आणि सुधारलेला मसुदा असे तिन्ही पोर्टफोलिओत ठेवा. गुळगुळीत छापलेल्या वीस पानांपेक्षा याचं वजन जास्त पडतं, कारण तुम्ही विचार कसा करता ते त्यात दिसतं.

ओवी_लिहिते
मुळामुठांशी सहमत. पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांमध्येही रायटरच्या बऱ्याच जागा असतात, म्हणून तो रस्ताही सांगते.

तिथे मार्कडाउन (साध्या मजकुरात मथळे, याद्या खुणांनी दाखवण्याची पद्धत) आणि गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हवंच. गिटहब या साइटवर स्वतःची रिपॉझिटरी (प्रकल्पाचा फोल्डर) काढा, एमकेडॉक्ससारखं फुकट साधन बसवा आणि तीन-चार पानांची साइट उभी करा. प्रत्येक बदल वेगळ्या ब्रांचवर (वेगळ्या प्रतीवर) करून पुल रिक्वेस्टने (बदल जोडण्याच्या विनंतीने) मूळ प्रतीत जोडा. एकटेच असलात तरी हे करा, कारण मुलाखतीत तुमची कमिट हिस्टरी, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, उघडून बघतात. 'अपडेट' एवढाच संदेश दहा वेळा दिसला तर वाईट दिसतं. 'लॉगिनची तिसरी पायरी दुरुस्त, बटणाचं नाव बदललं' असा संदेश हवा.

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली पद्धत. तिच्या सरावासाठी स्वॅगरचं पेटस्टोर हे नमुना एपीआय उघडं आहे. त्यातला एकच एंडपॉइंट (एका कामासाठीचा पत्ता) घ्या. प्रत्येक पॅरामीटरचं नाव, प्रकार, सक्तीचा की ऐच्छिक, डिफॉल्ट किंमत आणि एक उदाहरण असं कोष्टक करा. एरर कोड लिहायचे सगळ्यांचे राहून जातात. ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. हा फरक आणि त्यावर वापरणाऱ्याने काय करायचं हे लिहिलंत तर वाचणाऱ्याचा पुष्कळ वेळ वाचतो. उदाहरणातली प्रत्येक रिक्वेस्ट पोस्टमन या एपीआय तपासायच्या साधनात चालवून मगच चिकटवा. न चालवलेलं उदाहरण डॉक्युमेंटवरचा विश्वास घालवतं.

गुगलचे टेक्निकल रायटिंगचे दोन मूलभूत कोर्स आणि मायक्रोसॉफ्टचं स्टाइल गाइड हे दोन्ही नेटवर फुकट आहे. स्टाइल गाइड पाठ करू नका. तुमचा मसुदा शेजारी ठेवून बटणांची नावं, आकडे, याद्या एवढ्या तीन बाबतीत तपासा.

गिअरबॉक्स
दोघींचे आभार. माझा कल मशिनरीकडेच आहे. तिथे इंग्रजी किती लागतं? आणि एआय मसुदा लिहून देतं, तर या कामाला पुढे मागणी राहील का?

सह्यकडा
मशिनरीत अलंकारिक इंग्रजी दोषच ठरतं. विमान उद्योगातून आलेलं एएसडी-एसटीई१०० नावाचं सोप्या, नियमबद्ध इंग्रजीचं स्पेसिफिकेशन बघा, त्यांच्या साइटवर मागणी नोंदवली की फुकट मिळतं. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५, आणि सुमारे ९०० मान्य शब्दांचा कोश. तुमच्यासारख्याला हे वरदान आहे. मराठी माध्यमातल्या माणसाला लांबलचक इंग्रजी वाक्यांची सवय मोडावी लागत नाही. रोज जुन्या मॅन्युअलचं एक पान घेऊन या नियमांत बसवा, महिन्याभरात हात बसेल.

त्याबरोबर इशाऱ्यांची भाषा पक्की करा. अन्सी झेड५३५.६ या अमेरिकन मानकानुसार 'डेंजर' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, 'वॉर्निंग' म्हणजे तशी होऊ शकते, 'कॉशन' म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा आणि 'नोटिस' म्हणजे फक्त वस्तूचं नुकसान. सर्रास दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक पानावर 'वॉर्निंग'. मग खरी वॉर्निंग कुणी वाचत नाही. इशाऱ्यात धोका कोणता, टाळला नाही तर काय होईल आणि टाळायचा कसा, हे तिन्ही हवं. त्या हिशेबाने वरच्या नमुन्यातल्या तेलाच्या इशाऱ्यात दोन गोष्टींची भर घाला: भाजणं किती गंभीर असू शकतं ते, आणि तेल जास्त गरम असेल तर ते निवून कोमट होईपर्यंत थांबायला सांगणारं वाक्य.

वापराच्या सूचना कशा लिहाव्यात यासाठी आयईसी/आयईईई ८२०७९-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१९ची आवृत्ती. मुलाखतीत त्याचा नुसता उल्लेख नको, त्यातल्या एका मुद्द्यावर तुमचा नमुना कसा उतरतो ते दाखवा. चाकणहून युरोपला यंत्रं पाठवणाऱ्यांसाठी युरोपियन युनियनचा यंत्रांबाबतचा नवा नियम २०२३/१२३० हा २० जानेवारी २०२७पासून लागू होतोय. त्यात सूचना डिजिटल देता येतात, पण ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागितल्या तर छापील प्रत एका महिन्यात फुकट द्यावी लागते. डिजिटल प्रत निदान दहा वर्षं नेटवर ठेवावी लागते. हे समजणारा माणूस निर्यात करणाऱ्या कंपनीला हवाच असतो.

एआयबद्दल: मसुदा येतो, पण तुमच्या मॉडेलचा टॉर्क किंवा तेलाची ग्रेड ते बिनदिक्कत चुकीची देऊ शकतं, आणि वाक्य इतकं सफाईदार असतं की चूक नजरेतून सुटते. यंत्रासमोर उभं राहून पडताळणारा माणूस लागणारच. सर्व्हिसिंगचा अनुभव ही तुमची सगळ्यात मोठी जमा बाजू आहे, बायोडाटात पहिल्या तीन ओळींत ती आणा.

मुळामुठा
क्लासचं राहिलंच. तीन महिन्यांत तीन टूल्स म्हणजे मेनू कुठे आहे एवढंच शिकवणं. एक टूल आलं की दुसरं नोकरीत काही आठवड्यांत येतं. टूलआधी मजकुराची विभागणी शिका. तुमच्याच कॉम्प्रेसरवर तीन वेगळी पानं करा: हवा दाबली कशी जाते ही संकल्पना, तेल बदलणं हे काम, आणि तेलाच्या ग्रेड व देखभालीच्या वेळापत्रकाचं संदर्भ-कोष्टक. डिटा या तांत्रिक मजकुराच्या रचनेच्या मानकातले कन्सेप्ट, टास्क आणि रेफरन्स हे तीन प्रकार नेमके हेच आहेत. मग ऑक्सिजन एक्सएमएल एडिटरच्या ट्रायलमध्ये टास्कचं पान बसवा आणि डिटा ओपन टूलकिटमधून पीडीएफ आणि एचटीएमएल काढा. टूलकिट फुकट आहे.

तरी क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. दर आठवड्याला किती पानं लिहून घेता? ती कोण तपासतं, आणि तपासलेल्या पानाचा नमुना दाखवाल का? शेवटी विद्यार्थ्याकडे स्वतःचे किती नमुने तयार असतात? तपासलेलं पान दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे भरती होऊ नका.