नाकाचे हाड आणि नाकाचा आकार

धागाकर्ती :
पाच वर्षांपूर्वी मी नाकाचा आकार बदलून घेतला आणि सर्वांना "नाकाचे हाड वाढले होते" असे सांगितले. तेवढ्यावर शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या आणि कार्यालयात रजाही मिळाली. खरे कारण सांगितले असते तर याच माणसांनी "देवाने दिलेले रूप बदलायला निघाली" असे म्हटले असते, कारण माझ्या मैत्रिणीला ते तसे म्हणालेच होते. मुलांच्या दातांना तारा लावताना किंवा पांढरे केस रंगवताना कोणाला देव आठवत नाही. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया जीएसटीतून मुक्त आहे आणि निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के कर आहे. कराचे एक वेळ समजू शकते, पण माणसाच्या दुःखाचीही अशीच वर्गवारी व्हावी, हे मला मान्य नाही.

एक आई :
आपल्याला खोटे बोलावे लागले याचे वाईट वाटते, तरीही मी सहमत नाही. दातांची तुलना पटत नाही. वेडेवाकडे दात नीट घासताही येत नाहीत. माझी मुलगी १७ वर्षांची आहे आणि गेले वर्षभर ती नाकाच्या शस्त्रक्रियेचा हट्ट धरून बसली आहे. ज्या समाजात स्थळ सांगताना मुलगी "नाकीडोळी नीटस" आहे की नाही हे आधी पाहिले जाते, तिथे ही इच्छा तिची स्वतःची किती आणि बाहेरून लादलेली किती, हे मला आई असूनही ओळखता येत नाही. शिवाय २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. निरोगी शरीरावर हा धोका का पत्करावा?

आणखी एक वाचक :
नाकाचा आणि अब्रूचा संबंध आपल्याकडे जुना आहे. "नाक कापले गेले" हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली. नाकाविना त्याचे जेवणखाण अडले नसते. त्याला चारचौघांत चेहरा दाखवायचा होता.

धागाकर्ती :
कावसजीचे नाक कापले गेले होते, माझे धडधाकट होते, हा फरक मला कबूल आहे. धोक्याबद्दल मात्र एक सांगते. लपवायचे होते म्हणून मी एकटीच गेले, डॉक्टरांची पदवी तपासली नाही, भूल कोण देणार हे विचारले नाही आणि संमतीपत्रावर न वाचता सही केली. तिसऱ्या रात्री नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा घरात कोणाला उठवून काय सांगावे हेच मला सुचेना. पित्ताशयाचे ऑपरेशन असते तर चार नातेवाईक सोबत आले असते.

एक आई :
त्या रात्रीबद्दल वाचून मी मुलीशी बोलले. शस्त्रक्रियेला माझा आजही होकार नाही आणि सज्ञान होईपर्यंत तिने थांबावे असेच मी सांगितले आहे. मात्र त्यानंतरही तिची इच्छा कायम राहिली, तर डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत जाईन आणि घरी आजीलाही खरेच सांगेन.