सगळीच ध्वनिमुद्रणे खुली करावीत का?
आदिवासींच्या गाण्यांची सर्व ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली असावीत, अशी एक सूचना आहे; तिच्याशी मी पूर्णतः सहमत नाही. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू लोकांनी किम क्रिस्टन या अभ्यासिकेसोबत उभारलेल्या 'मुकुर्तू' या डिजिटल संग्रहात कोणते छायाचित्र कोणी पाहावे, हे समाजाचेच संकेत ठरवतात; स्त्री-पुरुष भेद, नातेसंबंध, इतकेच नव्हे तर छायाचित्रातील व्यक्तीचा मृत्यूही त्यात विचारात घेतला जातो. आपल्याकडे वारल्यांच्या लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचे विधीचे चित्र, लिहिला जात असताना (हो, 'लिहिला'च, 'काढला' नव्हे) धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, जी गाणी म्हणते, ती एरवी यंत्रासमोर बसवून म्हणवून घेतली, तर शब्द हाती लागतात, पण विधी निसटतो. त्यामुळे मुद्रण कधी थांबवायचे आणि त्यातले कोणाला ऐकवायचे, हे आधी धवलेरीलाच विचारावे.