धर्मसंकट, पेच की गोची?

खाडीकाठचा मास्तर:
शनिवारचा शेवटचा तास मी 'विचार करूया' म्हणून घेतो. नववीचा वर्ग, तालुका कुडाळ. परवा 'डिलेमा' समजावायचा होता, म्हणून फळ्यावर 'धर्मसंकट' लिहिलं. मागच्या बाकावरून आलं, "सर, कुणाचो धर्म संकटात इलो?" निम्मा वर्ग हसला, निम्मा खरोखरच उत्तराची वाट बघत होता. शब्द पुसला. मग ते रुळांचं प्रसिद्ध कोडं सांगितलं: गाडी सुसाट येतेय, इकडच्या रुळावर पाच माणसं, तिकडच्या रुळावर एक, रूळ बदलायचा खटका तुमच्या हातात. तर म्हणे, "आमची लाइन एकच, खटको ओढून गाडी खंय जातली?" मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द सुचवा.

सोलकढी:
स्टेशनात क्रॉसिंगला दुसरा रूळ असतो, सांगा त्याला. शब्द 'पेच'. घरात रोज कानावर पडतो.

शुद्धमती:
पेच फारसी आहे. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत होते, तिथून भाषाशुद्धीसाठी झगडले, आणि कोकणातल्याच शाळेत हे! शेजारधर्म, गृहस्थधर्म यांतला धर्म म्हणजे कर्तव्य. मुलाला तो अर्थ ठाऊक नाही म्हणून शब्द पुसायचा असेल, तर तास कशाला घेता?

सोलकढी:
हजेरी अरबी, शाई फारसी. मास्तरांनी हजेरी न घेताच वर्ग सुरू करायचा का?

नाटकवेडा:
'गोची' लिहा. पोरं दिवसभर तेच बोलतात. 'नैतिक गोची'. हसू नका, विचार करा.

जुना तर्कट:
हसलो. आम्हाला तर्कशास्त्राला 'उभयापत्ती' होता, पण तो नववीच्या माथी मारू नका. मास्तर, तुमच्या रुळांच्या कोड्यात, तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांच्या 1967 च्या मूळ लेखात ट्राम आहे, ट्रॉली पुढे तत्त्वज्ञ ज्युडिथ थॉमसन यांनी आणली. आता मुद्दा. गोची म्हणजे नुसती अडचण. 'इकडे आड तिकडे विहीर' यात दोन्हीकडे भीती. इथे दोन्हीकडे कर्तव्य असतं, एक पाळावं तर दुसरं मोडतं. टिळकांच्या 'गीतारहस्या'तलं (1915) 'कर्मजिज्ञासा' प्रकरण अशाच प्रसंगांनी भरलंय, आणि टिळक तुमच्या शेजारच्या रत्नागिरीचे. महाभारतातल्या कौशिकाची गोष्ट सांगा. खरं बोलायचं व्रत, म्हणून लपलेली माणसं कुठे आहेत ते दरोडेखोरांना सांगून बसला, आणि ती मारली गेली.

खाडीकाठचा मास्तर:
काका, कौशिक सांगितला. त्यावर एका मुलीने जे सांगितलं ते लिहितो. हायवेला वडिलांचा आंब्याचा स्टॉल. देवगडच्या पेटीत वरचा थर देवगडचा, खालचा कर्नाटकातला. गिऱ्हाइकाने पेंढा बाजूला सारत तिलाच विचारलं, "बाळ, सगळा देवगडच ना?" ती म्हणाली, "मी पाणी आणूक आत गेलंय, तो गेल्यार भायर इलंय." वर्गात कुणी हसलं नाही.

सोलकढी:
हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे. ही सरळ फसवणूक झाली, पेच कसला?

जुना तर्कट:
वडिलांची लबाडी, पेच मुलीचा. खरं बोलावं की बापाला सांभाळावं? एकाच पेटीत दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या काढता आल्या की तुमचा तास वसूल. बाकी पाणी आणायला जाण्याला मराठीत चांगला शब्द आहे: वेळ मारून नेणं.

शुद्धमती:
पाहा! बापाविषयीचं कर्तव्य, सत्याविषयीचं कर्तव्य. याला धर्मसंकट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

नाटकवेडा:
गोची.

आजोळ मालवण:
आमच्याकडे असं काही अडलं की लोक देवळात जाऊन कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कुठली पडते त्यावरून देवाचं उत्तर घेतात. अस्सल कोकणी शब्द. तोच घ्या ना.

सोलकढी:
ताई, कौल अरबी. कौलनामा आठवा, दिलेला शब्द, अभय. शुद्धमती, आता आमच्या रवळनाथ देवालाही समज द्या.

खाडीकाठचा मास्तर:
गंमत म्हणजे वर्गातही एकाने तेच सुचवलं, "सर, मगे कौल लावया." मी म्हटलं, मग विचार कोण करणार, पाकळी?

आजोळ मालवण:
मास्तर, तुम्ही कौल लावताना बघितलेला दिसत नाही. आमचे गुरव आधी माणसाला धारेवर धरतात. "जमीन विकू की नको" एवढ्यावर भागत नाही. कुठली, कुणाच्या वाट्याची, भावाला विचारलंस काय? एकदा माझ्या मामाचा प्रश्न तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा मामा गप्प झाला आणि कौल न लावताच घरी आला. जमीन आहे अजून.

जुना तर्कट:
हा तुमचा तास झाला, मास्तर.

शुद्धमती:
छपराचं कौल आणि हा कौल एकच का? तेही अरबी म्हणू नका.

सोलकढी:
वेगळे असावेत. जुने ते नळे, मंगलोरी ती कौलं.

खाडीकाठचा मास्तर:
मंडळी, शनिवारी फळ्यावर काय लिहू?

आजोळ मालवण:
आणि पावसाआधी कौलं 'परततात', 'शाकारत' नाहीत, हे पुण्याच्या लोकांना कोणीतरी सांगा.

शुद्धमती:
शाकारणं चुकीचं कसं? आमच्या आजीच्या तोंडी तोच शब्द होता.

आजोळ मालवण:
आजी कुठली?

शुद्धमती:
गुहागरची.