अनुभव धागा : पहिली-दुसरीचा गणवेश, हवा की नको?

अबोली_फोंडा
धाकटीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल रात्री उशिरापर्यंत जुंपली होती. विषय, पहिलीच्या मुलांना गणवेश कशाला? एक आई म्हणे, सहा वर्षांच्या पोराला टाय लावून काय कलेक्टर करायचाय? दुसरी म्हणे, गणवेश नसेल तर रोज सकाळी "हा नको, तो दे" ऐकत बसायचं आणि कदंबा (आमच्या गोव्याची सरकारी बस) चुकवायची. मी दोघींनाही अंगठा दिला आणि माझा निळा पिनाफोर (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक) आठवत बसले.

आई तो वाढत्या अंगाचा शिवायची, खाली चार बोटं दुमड ठेवून. दर जूनला थोडी दुमड उसवायची. आधीच्या घडीची रेघ विटकी, आणि तिच्याखालचं कापड कोरं निळं. खोडावरून झाडाचं वय सांगतात तसं पिनाफोरवरून सांगता यायचं, हा किती जुना. गणवेशात सगळी मुलं सारखी दिसतात असं मोठ्यांना वाटतं. आम्हाला बाकावर बसल्या बसल्या कळायचं कुणाचा नवा, कुणाचा ताईचा उतरलेला. तरीपण मी गणवेशाच्याच बाजूची. लिहा तुमचं.

वाळपईकर
पाऊस!! जून-जुलैत दोन जोड्या पुरतात कुणाला? न्हाणीत भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) चूल, चुलीवर आडवी दोरी, दोरीवर शर्ट. सकाळी घातला की अंगाला धुराचा वास. पण अख्ख्या वर्गाला तोच वास, नाक मुरडणार कोण.

डिचोलीचो
तुम्हाला धूर, आम्हाला धूळ. पावसाळा संपून खाणीचे ट्रक सुरू झाले की नाताळापर्यंत पांढरा शर्ट गुलाबी. आई नीळ घालायची, मग तो जांभळट. पांढरा रंग ठरवणाऱ्याने जन्मात धुणं धुतलं नसणार. २०१२ ला खाणी बंद झाल्या. धाकट्या भावाचा शर्ट पांढरा राहिला आणि बाबांचा ट्रक दारात उभा राहिला.

अबोली_फोंडा
@डिचोलीचो काय बोलू रे.

मीठभात
धूर धूळ सोडा, बोंडूचा डाग काढून दाखवा कुणी. एप्रिलात शाळेतून येताना काजूखालून येणार, बोंडू चोखणार, रस मनगटावरून थेट बाहीत. ओला असतो तोवर दिसत नाही. धुतल्यावर तपकिरी होऊन वर येतो आणि मग शर्ट फाटेपर्यंत सोबत. आईचा मार वेगळा.

बार्देसकार
तो डाग म्हणजे गोंयकारपणाचं सर्टिफिकेट, राहू दे. बोंडूवरून आठवलं, यंदा हुर्राक (बोंडूच्या रसाची दारू) कुणाकडे चांगला मिळाला?

मीठभात
पहिली-दुसरीच्या धाग्यावर हुर्राक. धन्य आहेस.

जुनी_बाई
आयुष्य सरकारी प्राथमिक शाळेत गेलं, म्हणून जरा लांब लिहिते. मी स्वतः शिकले ती शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातलीच एक. गणवेश नव्हता. आमच्यातला एकजण वर्षभर एकाच सदऱ्यात आला. कुणी चिडवलं नाही, पण फोटोच्या दिवशी तो आलाच नाही. त्यामुळे "गणवेश काढून टाका" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण गणवेश कसला, हे विचारा की! केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या हिशेबात दोन जोड्यांना मुलामागे वर्षाला ६०० रुपये धरलेत. कापड आणि शिलाई धरून बसवून दाखवा. खाजगी शाळांत उलटी तऱ्हा. टाय, पट्टा, हुकाची पँट, शनिवारचे पांढरे बूट वेगळे. पहिलीतलं पोर मधल्या सुट्टीत मुतारीकडे धावतं, पट्टा सुटत नाही, हुक निघत नाही. मग तिथेच उभं राहून "बाई गो" म्हणत रडतं, आणि पुढचा अख्खा दिवस ओल्या चड्डीत. ग्रुपवर भांडणाऱ्यांनी एक दिवस त्या मुतारीपाशी उभं राहावं. चौथीपर्यंत इलॅस्टिकची चड्डी आणि मोठ्या बटणांचा सैल शर्ट, बस्स. रंग कुठलाही चालेल, पांढरा सोडून.

डिचोलीचो
शेवटच्या वाक्यासाठी बाईंना साष्टांग.

दोन_पोरांचा_बाबा
मी विरोधी पार्टी. गणवेशाला नाही, टेरीकॉटला. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलाची पाठ घामोळ्यांनी भरते. सुती का नाही विचारलं तर उत्तर आलं "चुरगळतं". अहो, सात वर्षांचं पोर आहे, चुरगळणारच.

सीमेपलीकडची
माहेर सावंतवाडी, म्हणून तिकडचं सांगते. महाराष्ट्रात "एक राज्य, एक गणवेश" म्हणून २०२४-२५ ला कापड वरूनच घेतलं, शिवायला बचतगटांकडे दिलं. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, ओरड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. गावातला शिंपी बरा बाई, पोराला समोर उभं करून माप घेतो. (मिक्सर चालू आहे, नंतर येते.)

गुलमोहर
कुणी हे सांगेल का, पिनाफोरला खिसा का नसतो?? मुलांना दोन-दोन. आम्ही चिंचा, पेन्सिलीचा तुकडा, सुट्टे पैसे कुठे ठेवायचे? रुमालसुद्धा छातीवर पिनेने.

अबोली_फोंडा
मोज्यात! पैसे मोज्यात, चिंचा शेजारच्या मुलाच्या खिशात. तो अर्ध्या खायचा.

मीठभात
त्या मुलाचं पुढे काय झालं ते वेगळ्या धाग्यावर लिहा.

अबोली_फोंडा
दुकान घातलंय त्याने, अजून उधार देत नाही.

वाळपईकर
वाढदिवसाचा कलर ड्रेस राहिलाच की. चतुर्थीला घेतलेला शर्ट वाढदिवसापर्यंत जपून ठेवायचा. ज्यांचा वाढदिवस मे महिन्यात, त्यांचं नशीबच फुटकं.

गुलमोहर
मी मे. धन्यवाद.

दोन_पोरांचा_बाबा
अवांतर : पावसाळी सँडल म्हापशात कुठे बरे मिळतात? मागचे महिनाभरात तुटले.

जुनी_बाई
शुक्रवारच्या बाजारात बघा. टाचेमागून पट्टा असलेलेच घ्या, नुसते सरकवायचे चिखलात रुतून राहतात. मूल सोबत न्या, अंदाजाने आणू नका.

बार्देसकार
शुक्रवारी मी बाजारातच असतो, दुकान दाखवतो. हुर्राकचं अजून कुणी सांगितलेलं नाही.