वहिनीसाठी सरोगेट व्हायचं का? आणि नाही म्हणायचं असेल तर?

सायली_सातारा
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या वहिनीचं बाळंतपण फार वाईट झालं, ब्लीडिंग थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली आणि बाळही हाती लागलं नाही. ओव्हरीज शाबूत आहेत, त्यामुळे डॉक्टर म्हणतात दोघांचं बीज घेऊन गर्भ तयार करता येईल, फक्त तो पोटात वाढवायला दुसरी कोणीतरी, म्हणजे सरोगेट, हवी. आता कायद्याने पैसे देऊन कुणाला विचारता येत नाही, मग घरातलीच कोणीतरी, आणि घरात मी. वय 32, लग्न झालेलं, एक मुलगी, सगळ्या अटींत बसते. आईने अजून सरळ विचारलेलं नाही पण प्रत्येक फोनवर "तुझं कसं सोप्पं झालं होतं गं" हे येतंच येतं. वहिनी अवाक्षर काढत नाही, तिचं बघवत नाही मला. नवरा म्हणतो तू ठरव, मी सोबत आहे. पण मला पहिल्या वेळी शेवटचे दोन महिने बीपीचा त्रास होता, तो आईच्या हिशोबात "सोप्पं" मध्ये जातो.

विचारायचं हे आहे की पैसे घेऊन केलं तर शोषण आणि भावासाठी फुकट केलं तर पुण्य, हे इतकं सरळ आहे का? बाकी देशांत काय पद्धत आहे? आणि मी कुठपर्यंत मागे फिरू शकते?

वकील_नागपूरकर
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. सरोगसी (नियमन) कायदा 2021 चा, 25 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात स्पष्ट आहे की गर्भ तुमच्या गर्भाशयात सोडेपर्यंत तुम्ही संमती कधीही मागे घेऊ शकता. सगळे दुष्परिणाम समजावून, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतल्याशिवाय कुणी काही करू शकत नाही. शिवाय शारीरिक आणि मानसिक फिटनेसचं सर्टिफिकेट लागतं, तिथे बीपीचं न लपवता सांगा.

दुसरं म्हणजे सरोगेट घरातलीच पाहिजे हा गैरसमज आहे. 2016 च्या विधेयकात "जवळची नातेवाईक" अशी अट होती, पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि आता कायद्यात "इच्छुक स्त्री" आहे. 25 ते 35 वय, लग्न झालेलं असावं, स्वतःचं एक मूल असावं, आणि आयुष्यात एकदाच. फक्त मोबदला द्यायचा नाही, दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा द्यायचा. पैशाचा व्यवहार केला तर क्लिनिक, दलाल यांना 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे तुमच्या आईला "दुसरं कोणी चालतच नाही" असं वाटत असेल तर ते खरं नाही, मिळणं अवघड आहे हे मात्र मान्य.

बडोद्याची_मंजिरी
मी जन्मापासून बडोद्यात, पैसे घेऊन होणाऱ्या सरोगसीचं केंद्र असलेलं आणंद इथून तासाभरावर, त्यामुळे हा सगळा काळ आम्ही जवळून पाहिलाय. परदेशातून जोडपी यायची, बायका नऊ महिने हॉस्टेलवर राहायच्या, घर बांधायचं, मुलीची फी भरायची म्हणून. 2008 मध्ये तर जपानी जोडप्याचं बाळ जन्मायच्या आधीच त्यांचा घटस्फोट झाला आणि ते तान्हं बाळ कुणाचं, कुठल्या देशाचं, यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटी जपानहून आजी येऊन घेऊन गेली. तेव्हा कायदाच नव्हता, नुसती आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची, 2005 ची मार्गदर्शक तत्त्वं. 2015 मध्ये परदेशी लोकांना बंद झालं आणि मग पैसे देणंच बंद.

पण माझं मत विचाराल तर पैसे बंद केल्याने त्या बाईचं भलं झालं नाही. डॉक्टरला फी, वकिलाला फी, लॅबला फी, सगळे घेतात, जिचं पोट आणि जीव पणाला लागतो तिनेच तेवढं घेऊ नये हा कुठला न्याय? इस्रायलमध्ये 1996 पासून सरकारी समिती प्रत्येक करार तपासते आणि सरोगेटला पैसेही देता येतात. तसं कडक लक्ष ठेवून करता आलं असतं. आता ओझं कुणावर आलं, तर नणंद, जाऊ, बहीण यांच्यावर, आणि त्यांना तर नाही म्हणायचीही चोरी.

शंतनू_पुणे
मंजिरीताई, मला हे पटत नाही. कडक लक्ष ठेवू असं सगळेच म्हणतात आणि मग 2014 मध्ये थायलंडमध्ये काय झालं बघा, जुळी झाली, डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा सरोगेटकडेच राहिला आणि बहिणीला ऑस्ट्रेलियातलं जोडपं घेऊन गेलं. पुढच्याच वर्षी थायलंडने परदेशी लोकांना बंदी केली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये युक्रेनमधल्या कीव्हच्या हॉटेलात सरोगसीतून झालेल्या तान्ह्या बाळांच्या रांगा लागल्या होत्या कारण आईबापांना येताच येईना. जिथे जिथे पैसा आला तिथे गरीब देशाची बाई आणि श्रीमंत देशाचं जोडपं हेच चित्र. इटलीने तर 2024 मध्ये परदेशात जाऊन केलं तरी गुन्हा ठरवलाय, दोन वर्षांपर्यंत तुरुंग आणि 10 लाख युरोपर्यंत दंड. ते मला जास्त वाटतं, कारण त्यात आधीच जन्मलेल्या मुलांचं काय हा प्रश्न उरतो. पण पैसे नकोत हे बरोबरच आहे.

मीनल_लंडन
सायली, इकडे यूकेमध्ये पण मोबदला चालत नाही, फक्त रास्त खर्च. पण मोठा फरक सांगते. इथे जन्म देणारी बाई हीच कायद्याने आई, मग बीज कुणाचंही असो. नंतर कोर्टाकडून पेरेंटल ऑर्डर घेतली की पालकत्व बदलतं आणि बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत तिने दिलेली संमती धरतच नाहीत. होणाऱ्या आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो हे खरंय, म्हणूनच 2023 ला इथल्या लॉ कमिशनने (कायद्यात सुधारणा सुचवणारी सरकारी संस्था) शिफारस केली की ठरावीक मार्गाने आधी मंजुरी घेतली असेल तर जन्मापासूनच ते पालक असावेत, सरोगेटला आक्षेपासाठी मुदत ठेवून. भारतात उलटं आहे ना, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आधीच घ्यायची?

मला स्वतःला वाटतं की तू करणार असशील तरी "आईने फोनवर म्हटलं" म्हणून करू नकोस. वहिनीशी तू आणि ती, दोघीच बोला. ती गप्प आहे कारण कदाचित तिलाही हे तुझ्याकडून नको असेल.

वकील_नागपूरकर
हो मीनलताई, आपल्याकडे पालकत्वाची ऑर्डर आधी. आणि नातं असलं की पुढे गुंता होत नाही असं समजू नका. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाकडे असंच प्रकरण होतं, बहिणीने स्त्रीबीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या, पुढे नवराबायको वेगळे झाले आणि नवरा म्हणाला की बीज बहिणीचं, म्हणून बायकोला मुलींवर हक्कच नाही. कोर्टाने ते मानलं नाही, बीज देणारीला कायदेशीर हक्क नाही आणि आईला मुलींना भेटू द्या असं सांगितलं.

एडिसन_काका
आमच्या न्यू जर्सीत 1988 ला "बेबी एम" नावाने गाजलेल्या सरोगसीच्या खटल्याचा निकाल लागला होता, त्यात सरोगेटचंच बीज होतं, बाळ द्यायला तिचा जीव होईना, कोर्टाने पैशाचा करार रद्दच ठरवला, ताबा वडिलांना पण तिला भेटायचा हक्क. तीस वर्षांनी, 2018 मध्ये इथे नवीन कायदा आला, त्यात सरोगेटचं स्वतःचं बीज चालत नाही आणि तिला स्वतंत्र वकील असावाच लागतो, जोडप्याचा वकील चालत नाही. बेटा सायली, यातलं एवढं उचल. दादाने आणलेल्या डॉक्टर आणि वकिलाच्या भरवशावर सही करू नकोस, तुझा माणूस वेगळा ठेव.

सायली_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार. घरातलीच हवी असं नाही हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि आईला पण नसणार. मंजिरीताई, नाही म्हणायची चोरी हे अगदी नेमकं लिहिलंत, आजवर मी तेच कुणाला सांगू शकले नव्हते. रविवारी वहिनीकडे जाणार आहे, आई नसताना. आधी माझ्या बीपीचे जुने रिपोर्ट वेगळ्या गायनॅकला दाखवते. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपेल, आणि हो म्हणाली तरी मी लगेच हो म्हणणार नाही. वकीलदादा, त्या 36 महिन्यांच्या विम्यात डिलिव्हरीनंतरचे कॉम्प्लिकेशन्स धरतात का?

वकील_नागपूरकर
धरतात, कायद्यातच तसं लिहिलंय. पॉलिसीचा कागद गर्भ सोडायच्या आधी हातात घ्या, नंतर देतो म्हणाले तर थांबा.