वेचणीच्या दिवसांत वाचन सुटतं त्याबद्दल

ताई, कापूस फुटला की पहाटेचं बायबलवाचन बंद पडतं आणि मग मन खातं, असं तुम्ही लिहिलंत. बहुतेकांचं तिथंच अडतं, कारण सुरुवात उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून केलेली असते. गोष्टी आहेत तोवर वाचन पळतं. पुढच्या निर्गम या पुस्तकाच्या शेवटी निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं, त्यापुढं लेवीय या पुस्तकातले यज्ञांचे नियम आले की दमलेलं डोकं थांबतं.

हंगामात फक्त स्तोत्र १२० ते १३४ धरा. ही १५ आरोहणस्तोत्रं, म्हणजे वर चढून जातानाची गीतं, दिवसाला एक. १३२ व्यात १८ वचनं आहेत, बाकी सगळी जास्तीत जास्त ९ वचनांची. चुलीवर चहा उकळेपर्यंत एक होतं. मोठ्यानं वाचा, म्हणजे एखादी ओळ वावरापर्यंत सोबत येते.

१२६ वं दुबार पेरणी केलेल्या घरात नक्की वाचा. त्यात रडत बी घेऊन निघालेला माणूस आहे. त्याचं रडणं देव चूक धरत नाही, हे मला फार मोठं वाटतं. १३० व्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी दोनदा येतात. रानडुकरांसाठी जागल करणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

एखादा दिवस चुकला तर बाकी काढत बसू नका. ज्या दिवशी वाचायला बसाल त्या दिवसाचं स्तोत्र घ्या.